त्रोदोसच्या डोंगरातून पाफोसच्या समुद्रापर्यंत : सायप्रसच्या गाडीप्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायप्रस बेटावर स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हणून मला सतत प्रश्न येतात. विचारणारे बरेचसे मुंबई-पुण्याचे, काही आखातात नोकरी करणारे, तर काहींच्या घरचं कुणी बोटीवर असतं आणि लिमासोलच्या जहाज कंपनीमुळे त्यांना या बेटाचं नाव ओळखीचं असतं. प्रश्न पुष्कळदा तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. आधी अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे शेवटाकडे.

१. हा प्रवास नेमका कुठून कुठे आहे? अंतर किती?

लार्नाका विमानतळावर उतरायचं, निकोसिया शहराला बाहेरून वळसा घालून बी-९ रस्त्याने काकोपेत्रिया गावी जायचं आणि तिथून त्रोदोस पर्वतावर चढायचं. वर पेदुलास, किक्कोसचा मठ, देवदारांचं खोरं असं फिरत पश्चिमेला उतरायचं आणि पाफोसच्या किनाऱ्याला लागायचं. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हेच लार्नाका ते पाफोस अंतर महामार्गाने सुमारे १४० किलोमीटर आहे आणि दीड तासात संपतं. उतरण्याचा आणखी एक रस्ता आहे, दक्षिणेकडचा. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. किती दिवस ठेवावेत? पाफोसहून एका दिवसात डोंगर बघून परत येता येईल का?

येता येईल, बरेच लोक तसंच करतात. बसच्या सहलीही तशाच असतात : सकाळी निघायचं, किक्कोसला अर्धा तास, ओमोदोसला जेवण, संध्याकाळी परत. पण त्यात डोंगर खिडकीतूनच दिसतो. माझं सांगणं असं, की दोन रात्री डोंगरात आणि दोन किंवा तीन किनाऱ्यावर काढा. डोंगरातल्या मुक्कामाला काकोपेत्रिया, पेदुलास, कालोपानायोतिस किंवा प्लात्रेस, यांपैकी कुठलंही गाव चालेल. संध्याकाळी बसच्या सहली निघून गेल्या की या गावांतल्या चौकात फक्त गावचीच माणसं उरतात. कॉफीची भांडी, सोंगट्यांचा खडखडाट, ओढ्याचं पाणी एवढेच आवाज असतात. त्यासाठी तिथे रात्र काढावी लागते.

३. आधी डोंगर की आधी समुद्र?

आधी डोंगर. याबाबत माझं मत ठाम आहे आणि त्याचं कारण दगडात आहे.

त्रोदोस हा समुद्राचा तळ आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी टेथिस महासागराच्या तळाशी तयार झालेलं कवच पुढे भूपट्ट्यांच्या रेट्याने वर उचललं गेलं. मधला भाग जास्त उचलला गेला आणि त्याच्यावरचे थर झिजून गेले. त्यामुळे इथला क्रम उलटा लागतो : सगळ्यात खोलचा, पृथ्वीच्या प्रावरणातला (कवचाखालच्या थरातला) खडक डोंगराच्या माथ्यावर आहे. तिथून खाली उतरू लागलात की आधी गॅब्रो हा जाड कणांचा खडक लागतो, मग एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या भित्तींच्या (भेगांत शिरून थिजलेल्या खडकाच्या उभ्या पट्ट्यांच्या) रांगा, मग पाण्याखाली थिजलेला लाव्हा आणि शेवटी समुद्रात साचलेला पांढरा चुनखडक. लाव्हाचे गोळे रस्त्याच्या कापलेल्या दरडीत एकावर एक रचलेल्या उशांसारखे दिसतात. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो जमिनीवर वाहत आला आणि पठारासारखा पसरला. वयानेही तो लहान, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ज्याने आयुष्यभर बेसाल्टचे सपाट थर पाहिलेत त्याला हा गोलगोल लाव्हा बघताना फार आनंद होतो.

म्हणून माथ्यावरून निघून समुद्राकडे उतरत गेलात तर महासागराचा तळ, त्यावरचा गाळ आणि आजचा समुद्र हे ओळीने दिसतात. उलट दिशेने गेलात तर नजारे तेच दिसतील, पण हा क्रम मनात बसत नाही. काकोपेत्रियाहून त्रोदोसला चढताना वाटेत आमियांदोसची जुनी ॲस्बेस्टॉसची खाण लागते. ती १९८८ मध्ये बंद झाली आणि आता तिच्या उघड्या पायऱ्यांवर झाडं लावली जात आहेत. खाणीच्या जुन्या शाळेत भूउद्यानाचं (खडकांच्या वारशासाठी जपलेल्या प्रदेशाचं, म्हणजे जिओपार्कचं) माहिती केंद्र आहे. त्रोदोसला २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानाचा दर्जा आहे. या केंद्रात तासभर थांबा, पुढचा सगळा रस्ता वेगळ्या नजरेने दिसेल.

४. कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. वसंतात डोंगरउतारांवर रानफुलं असतात. ऑक्टोबरमध्ये डोंगरात हवा थंड असते, तरी समुद्र पोहण्याइतका कोमट असतो. जूनमध्ये पेदुलासकडे चेरी पिकतात, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालते. जुलै-ऑगस्टात निकोसियाचा पारा ४० च्या घरात जातो, त्रोदोसवर मात्र किमान दहा अंश कमी असतो. त्यामुळे शहरातली माणसं तेव्हा डोंगरात येतात. १५ ऑगस्टला मातामेरीचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात डोंगरात खोली मिळणं फार अवघड, महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते. ऑर्थोडॉक्स ईस्टरलाही तेच. हिवाळ्यासाठी प्रश्न १६ पाहा.

५. व्हिसा कुठला लागतो? शेंगेन चालतो का?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. सायप्रस १ मे २००४ पासून युरोपीय संघात आहे आणि चलन १ जानेवारी २००८ पासून युरो आहे, पण शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, मामला वेगळा राहिला. आतापर्यंतची पद्धत अशी, की दोन किंवा अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असेल आणि तो आधी एकदा शेंगेन देशात वापरलेला असेल, तर सायप्रस तो मानतो. कोरा, न वापरलेला शेंगेन व्हिसा घेऊन थेट लार्नाकाला उतरू नका. सायप्रसची शेंगेनमध्ये जाण्याची प्रक्रिया चालू आहे आणि नियम त्यानुसार बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या सायप्रसच्या उच्चायुक्तालयाची ताजी सूचना वाचा.

६. एर्कान विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसतंय. काढू का?

काढू नका. एर्कान बेटाच्या उत्तर भागात आहे आणि तिथली विमानं तुर्कीतून येतात. सायप्रसचं सरकार त्या मार्गाने झालेला प्रवेश बेकायदा मानतं, त्यामुळे तिथून दक्षिणेत येताना अडवलं जाऊ शकतं. लार्नाका किंवा पाफोस, हेच दोन विमानतळ बघा. भारतातून आखातातल्या एखाद्या शहरातून किंवा अथेन्समार्गे जाणं सोयीचं पडतं. उत्तर भागाबद्दल आणखी प्रश्न १९ मध्ये आहे.

७. भारतीय लायसन्स चालतं का?

मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो तुमच्या आरटीओकडून मिळतो, अर्ज परिवहन पोर्टलवर करता येतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. नुसत्या स्मार्टकार्डावर एखादा गाडीवाला गाडी देईलही, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारेल. दोन्ही कागद मूळ स्वरूपात जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

८. तिथे गाडी कुठल्या बाजूने चालवतात? नियम कडक आहेत का?

डाव्या बाजूने, आपल्यासारखीच. १८७८ पासून १९६० पर्यंत बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, त्याचा हा वारसा. स्टिअरिंग उजवीकडे, विजेचा सॉकेटही तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला मी सायप्रस सुचवतो त्याचं मोठं कारण हेच. कॉर्सिका किंवा सार्डिनियात घाटाच्या वळणावर आपला हात आणि डोळा उलट बाजूला जातो, इथे तो धोका नाही.

वेगमर्यादा अशा : महामार्गावर ताशी १०० किलोमीटर आणि किमान ६५, गावाबाहेरच्या रस्त्यांवर ८०, वस्तीत ५०. प्रत्यक्षात पाटीवर लिहिलेला आकडा मानायचा. चौकातल्या गोलाकार बेटाजवळ उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ही गोष्ट भारतात कुणी पाळत नाही आणि तिथे सगळे पाळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी लक्ष इथेच ठेवा. वेगाचे कॅमेरे आहेत. दंड गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येतो आणि त्यावर कंपनीचा आकारही असतो. भाड्याच्या गाडीला लाल नंबरप्लेट असते. त्यामुळे हा पाहुणा आहे हे स्थानिकांना लांबूनच कळतं आणि सहसा ते सांभाळून घेतात.

९. गाडी कुठली घ्यावी? जीप लागेल का?

या मार्गाला जीप लागत नाही. छोटी, पण ताकदीचं इंजिन असलेली गाडी घ्या. चार मोठी माणसं आणि बॅगा असतील तर सगळ्यात स्वस्त वर्गातली गाडी चढावर दमते. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगून ठेवा. अनामत रकमेसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्डावर अडवणूक होते. २५ वर्षांखालच्या चालकाला जादा आकार पडण्याची शक्यता असते. विम्याच्या कागदावर तीन गोष्टी वाचा : टायर आणि गाडीचा खालचा भाग धरलाय का, कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का आणि उत्तर भागात गाडी नेण्याबद्दल काय लिहिलंय. बहुतेक करारांत या तिन्ही गोष्टी वगळलेल्या असतात.

१०. वरंधा, आंबोली असे घाट चालवले आहेत. तिथलं जमेल का?

सहज जमेल. डांबर चांगलं आहे, समोरून एसटी येत नाही आणि शनिवार-रविवार सोडला तर वर्दळही कमी असते. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. जंगलातले रस्ते अरुंद आहेत, काही ठिकाणी कठडा नाही आणि वळणावर पाइनच्या सुया पडलेल्या असतात. ओल्या सुयांवर टायर घसरतं. उतरताना दुसऱ्या गियरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून लांबलचक उतार उतरू नका. मागून स्थानिक गाडी आली आणि तिला घाई असली तर रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. आंधळ्या वळणावर हलका हॉर्न चालतो, एरवी मात्र हॉर्न वाजवणं तिथे उद्धटपणा समजतात.

नकाशावरची वेळ खरी मानू नका. किक्कोस ते पाफोस हे अंतर नकाशात किरकोळ वाटतं, पण वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी ३० ते ३५ किलोमीटरच पडतात.

११. टोल, पेट्रोल आणि पाट्यांचं काय?

टोल कुठेच नाही. पेट्रोल पंप किनाऱ्यावर आणि मोठ्या गावांत आहेत. बंद झालेल्या पंपावरही यंत्रात नोट किंवा कार्ड घालून स्वतः पेट्रोल भरता येतं. किक्कोस ते पानायिया हा टप्पा पाफोसच्या जंगलातून जातो, त्यात पंप नाही, म्हणून टाकी आधीच भरा. पाट्या ग्रीक आणि रोमन लिपीत असतात. निकोसियाला पाटीवर लेफ्कोसिया आणि लिमासोलला लेमेसोस लिहिलेलं असतं, हे ठाऊक असू द्या, नाहीतर फाटा चुकतो. जंगलात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

१२. उतरायला दोन रस्ते म्हणता. कुठला घ्यावा?

दोन्ही सुंदर आहेत, पण स्वभाव अगदी वेगळे.

पश्चिमेचा रस्ता जंगलाचा. त्रोदोसहून प्रोद्रोमोस, पेदुलास, मग किक्कोसचा मठ. हा मठ बाराव्या शतकाच्या तोंडाशी बायझंटाइन सम्राट आलेक्सिओस कोम्निनोसच्या आश्रयाने उभा राहिला. इथली मेरीची प्रतिमा संत लूकने रंगवली अशी श्रद्धा आहे आणि तिचा चेहरा झाकलेलाच असतो. सायप्रसचे पहिले राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस याच मठात लहानपणी दाखल झाले आणि जवळच्या थ्रोनी टेकडीवर त्यांची समाधी आहे. पुढे देवदारांचं खोरं लागतं. लेबनॉनच्या देवदाराचा हा भाऊबंद जगात फक्त याच बेटावर नैसर्गिकरीत्या वाढतो आणि त्याच्या सुया बोटाच्या पेरापेक्षाही आखूड असतात. गाडी थांबवून रस्त्याकडेचं सोनेरी ओक शोधा. झुडूपवजा झाड आहे, पानं वरून गडद हिरवी आणि चकचकीत. पान उलटलं की खालची बाजू पिवळसर सोनेरी मखमलीची निघते. वारा आला की सगळा उतार क्षणभर पिवळा होऊन पुन्हा हिरवा होतो. हेही फक्त सायप्रसमध्येच आहे.

याच जंगलात मुफ्लॉन हे रानमेंढरू राहतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीमुळे ते संपत आलं होतं, नंतर संरक्षण मिळाल्यावर वाढलं. पहाटे रस्त्यावर दिसलं तर नशीब. एरवी स्ताव्रोस तिस प्सोकास या वनठाण्यावर कुंपणाच्या आत पाहता येतात.

दक्षिणेचा रस्ता द्राक्षांचा. त्रोदोसहून प्लात्रेस, तिथे कालेदोनिया धबधब्याची पायवाट, मग ओमोदोस आणि तिथून खाली समुद्र. ओमोदोसच्या आसपास कडेची दरड पांढरीफटक होते : प्रश्न ३ मधला चुनखडक तो हाच. उतारावर कोरड्या दगडांचे बांध आणि द्राक्षवेली. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांपासून होणारी कोमांदारिया ही गोड वाइन याच उतारांवरच्या गावांची. मध्ययुगात जवळच्या कोलोस्सी किल्ल्यातल्या धर्मयोद्ध्यांमुळे तिला हे नाव मिळालं. या रस्त्याने उतरलात तर शेवट पेत्रा तू रोमिऊ या समुद्रातल्या खडकापाशी (प्रश्न १८) होतो, आणि इतका चांगला शेवट दुसऱ्या कुठल्या रस्त्याला नाही.

पहिल्यांदा जात असाल तर दोन रात्रींच्या मुक्कामात एक दिवस पेदुलास-किक्कोस बघून परत या आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेने उतरा. झाडं-प्राण्यांची आवड असेल तर पश्चिमेनेच उतरा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

१३. डोंगरातली रंगवलेली चर्च कुठली? ती उघडी असतात का?

त्रोदोसमधली भित्तिचित्रांची दहा चर्च जागतिक वारसा यादीत आहेत. नऊ १९८५ मध्ये गेली, दहावं २००१ मध्ये. तुमच्या वाटेवर काकोपेत्रियाजवळचं 'छपराखालचं' संत निकोलसचं, कालोपानायोतिसचं संत जॉन लांबादिस्तिसचं आणि पेदुलासचं देवदूत मायकेलचं येतं.

एकच पाहायचं असेल तर पेदुलासचं पाहा. बाहेरून ते गुरांच्या गोठ्याएवढं दिसतं. बर्फ घसरून जावं म्हणून लाकडी छप्पर थेट जमिनीकडे उतरतं. आत पाऊल टाकलं की चारी भिंती १४७४ सालच्या चित्रांनी भरलेल्या. दाराच्या वर ज्या पाद्र्याने चर्च बांधायला पैसे दिले तो वासिलिओस, त्याची बायको आणि मुली रंगवल्या आहेत. वासिलिओसच्या हातात याच चर्चची छोटी प्रतिकृती आहे आणि ती तो देवदूताला देतोय. बायकांच्या कपड्यांवरची नक्षी, मुलींची उंची, सगळं तपशिलात आहे. पाचशे वर्षांपूर्वीचं एक खेडूत कुटुंब तुमच्या डोळ्यांच्या रेषेत उभं असतं.

चर्च रोज ठरल्या वेळी उघडं असेलच असं नाही. किल्ली गावातल्या रखवालदाराकडे किंवा पाद्र्याकडे असते. दारावर फोन नंबर लावलेला असतो, नाहीतर चौकातल्या कॉफीच्या दुकानात विचारायचं. दुपारी जेवणाच्या वेळी कुलूप असण्याची शक्यता जास्त. आत फ्लॅश मारू नका, दानपेटीत काहीतरी जरूर टाका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. किक्कोसला तर हे कटाक्षाने बघतात, अंगावर घ्यायला झगा दारातच देतात.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. डोंगरात खायला मिळेल का?

मिळेल, आणि चांगलं मिळेल. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास मोठे असतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे बिनमांसाचा स्वयंपाक त्यांच्या घरोघरी होतो. 'निस्तिसिमो' म्हणून विचारा. लुवी म्हणजे चवळी, भोपळ्याच्या जातीच्या कोवळ्या भाजीबरोबर शिजवून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मुजेंद्रा म्हणजे मसूर आणि तांदूळ, वर तळलेला कांदा. कोलोकासी तर आपलीच अळकुडी, पण ती बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून विचारून घ्या. द्राक्षाच्या पानांच्या कुपेप्यातही खिमा असतो.

हलूमी चीज भाजून देतात, पुदिना घातलेलं. काटेकोर शाकाहाऱ्यांनी त्यातल्या रेनेटची, म्हणजे दूध गोठवायला घालतात त्या पदार्थाची, चौकशी करावी, ते प्राणिजन्य असू शकतं. तळणीच्या तेलाबद्दलही विचारायला संकोच करू नका. जैन जेवणाची सोय डोंगरात होत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि निकोसियात किंवा लिमासोलला भारतीय किराणा भरून पुढे निघा. पाफोसजवळच्या येरोस्किपूचं लुकुमी आणि द्राक्षरसात बदामाची माळ बुडवून केलेलं शुशुको घरी न्यायला उत्तम.

१५. आई-बाबांना आणि लहान मुलांना घाट बाधेल का?

ज्यांना गाडी लागते त्यांना पश्चिमेची उतरण त्रासदायक होईल, दक्षिणेची त्या मानाने सुसह्य आहे. मोठ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवा, पोट अगदी रिकामंही नको आणि भरलेलंही नको, आलेपाक किंवा आवळासुपारी हाताशी ठेवा. दर अर्ध्या तासाने थांबा, जंगल खात्याच्या सहलीच्या जागा वाटेत आहेत आणि तिथे बाकं, पाणी, सावली असते. त्रोदोसची उंची आपल्याकडच्या माणसाला बाधण्याइतकी नाही. सर्वोच्च शिखर ऑलिंपस १,९५२ मीटरचं आहे. मात्र गुडघे दुखणाऱ्यांना काकोपेत्रियाच्या जुन्या भागातली फरसबंद चढण जपून चढवा. मुलांसाठी सीट गाडी ठरवतानाच मागून घ्या.

१६. जानेवारीत जातोय. बर्फामुळे रस्ता बंद होतो का?

होतो, पण सगळीकडे नाही. बर्फ साधारण जानेवारी ते मार्च पडतो आणि ऑलिंपसच्या उतारावर छोटं स्कीइंगही चालतं. बर्फवृष्टी झाली की पोलीस त्रोदोसकडे जाणारे रस्ते फक्त फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) किंवा टायरला साखळ्या लावलेल्या गाड्यांना खुले ठेवतात. भाड्याच्या गाडीत साखळ्या नसतात. अशा दिवशी काकोपेत्रिया किंवा प्लात्रेसपर्यंतच जा आणि वरचा भाग सोडून द्या. सकाळी सावलीतल्या वळणांवर गोठलेलं पाणी असतं, म्हणून दहाच्या आधी निघू नका.

१७. उन्हाळ्यात वणव्यांच्या बातम्या येतात. जाणं सुरक्षित आहे का?

बातम्या खऱ्या आहेत. जुलै २०२१ मध्ये अराकापासच्या वणव्यात चार मजुरांचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये लिमासोलच्या द्राक्षगावांचा पट्टा जळाला आणि दोन माणसं दगावली. दक्षिणेच्या उतरणीवर करपलेले उतार दिसतील. तिथल्या हॉटेलात, खाणावळीत चार पैसे खर्च करा. त्या गावांना त्याची गरज आहे.

नियम साधे आहेत. ठरवून दिलेल्या चुलीशिवाय कुठेही विस्तव नाही, सिगारेटचं थोटूक गाडीबाहेर नाही, वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करायची नाही. धूर दिसला तर वनखात्याला १४०७ वर किंवा ११२ वर कळवा. पोलिसांनी रस्ता बंद केला असेल तर आडवाटेने पुढे जाण्याचा प्रयत्न अजिबात करू नका, जंगलातल्या कच्च्या वाटा एकमेकींत शिरतात आणि बाहेर पडायला जागा राहत नाही.

१८. पेत्रा तू रोमिऊला पोहता येतं का? आणि लारा, आकामासला याच गाडीने जाता येईल का?

पेत्रा तू रोमिऊ म्हणजे आफ्रोदिते या ग्रीक प्रेमदेवतेचा खडक. ती इथे समुद्राच्या फेसातून वर आली अशी कथा आहे. पाफोसपासून सुमारे २५ किलोमीटर, जुन्या बी-६ रस्त्यावर. महामार्ग ए-६ ने गेलात तर तो नीट दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम जुना रस्ता घ्या. गाडी वरच्या वाहनतळावर लावून रस्त्याखालच्या बोगद्यातून किनाऱ्यावर जायचं. किनारा गोट्यांचा आहे, लाटा आणि ओढ जबर असते. समुद्र शांत असेल आणि पोहता उत्तम येत असेल तरच पाण्यात उतरा. पायात रबरी चपला असू द्या. खडकावर चढू नका. मुलांना पोहायचं असेल तर पाफोसजवळचा कोरल बे बरा, तिथे वाळू आहे आणि पाणी उथळ.

आकामास द्वीपकल्पातल्या वाटा कच्च्या आणि खडबडीत आहेत. विमा लागू होत नाही हे प्रश्न ९ मध्ये सांगितलंय. लाचीपर्यंत डांबरी रस्त्याने जा, तिथून बोटीने खाडीचं निळं पाणी बघा किंवा आफ्रोदितेच्या स्नानकुंडापासून पायी चला. लाराच्या किनाऱ्यावर हिरवी आणि लॉगरहेड अशी दोन्ही जातींची समुद्रकासवं अंडी घालतात आणि १९७८ पासून तिथे संवर्धनाचं काम चालू आहे. हंगामात वाळूत छत्री रोवायची नाही, वाळूवर गाडी न्यायची नाही, रात्री थांबायचं नाही. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

१९. याच गाडीने बेटाच्या उत्तर भागात जाता येईल का?

१९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरल्यापासून बेट दुभंगलेलं आहे. मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा पट्टा आहे. २००३ पासून नाकी खुली झाली, पण भाड्याच्या गाडीचा विमा पलीकडे चालत नाही आणि बऱ्याच कंपन्या करारातच मनाई करतात. पलीकडे जायचंच असेल तर निकोसियात लेद्रा रस्त्यावरच्या नाक्यातून पायी जा आणि त्याच दिवशी परत या. त्याआधी आपला व्हिसा परतीच्या प्रवेशाला चालेल याची खात्री करून घ्या.

इथल्या शांतिसेनेशी भारताचं नातं जुनं आहे. १९६४ मध्ये तिचे पहिले प्रमुख जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर आलेले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच सेवेत असताना वारले. वयस्क सायप्रसवासी भारतीय म्हटल्यावर अजून त्यांचं नाव काढतात.

२०. नकाशात वाटेवर ब्रिटिश हद्द दिसते. तिथे वेगळा व्हिसा लागतो का? आणि ऑलिंपसच्या अगदी माथ्यावर जाता येतं का?

लिमासोलच्या पश्चिमेला आक्रोतिरी आणि एपिस्कोपीचा परिसर स्वातंत्र्यानंतरही ब्रिटनकडे राहिला. बी-६ रस्ता त्यातून जातो. कुणी थांबवत नाही, वेगळा कागद लागत नाही, पण पोलीस वेगळे असतात आणि लष्करी इमारतींचे फोटो काढायला मनाई आहे. कूरिओनचं प्राचीन नाट्यगृह याच पट्ट्यात आहे, तिथे बिनधास्त थांबा.

ऑलिंपसच्या अगदी माथ्यावर लष्करी रडार आहे आणि तो भाग बंद आहे. शिखराला वळसा घालणारी आर्तेमिस नावाची सुमारे ७ किलोमीटरची पायवाट मात्र खुली आहे. ती जवळजवळ सपाट आहे, काळ्या पाइनच्या शेकडो वर्षांच्या खोडांमधून जाते आणि स्वच्छ सकाळी तिच्या एका बाजूने दक्षिणेचा समुद्र दिसतो. शिखरासाठी हळहळत बसण्यापेक्षा सकाळी लवकर उठून हीच वाट चाला.

२१. गाडी चालवता येत नसेल तर हा प्रवास होतो का?

शहराशहरांमध्ये बस चांगल्या आहेत, पण डोंगरातल्या गावांना दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या असतात आणि एका गावातून दुसऱ्या गावाला थेट बस बहुधा नसते. दोन पर्याय उरतात. एकतर बसने प्लात्रेस किंवा काकोपेत्रियाला जाऊन तिथेच दोन दिवस राहायचं आणि पायवाटा चालायच्या. नाहीतर चौघांनी मिळून एका दिवसासाठी चालकासह गाडी ठरवायची. ठरवताना मार्ग गावांच्या नावांसकट लिहून द्या आणि उतरायचं ते ओमोदोस व बी-६ रस्त्याने, महामार्गाने नाही, हे आधीच स्पष्ट करा.